काटा डावीकडंच बरा

कुरुंद्यात जुनी फियाट बाळगणाऱ्याला सल्ल्याचा दुष्काळ कधी पडत नाही. लिंबाच्या सावलीला गाडी लावून बॉनेट उचललं, की बघता बघता चार माणसं भोवती उभी राहतात. एकजण वसमतच्या बाजाराला निघालेला असतो. एकाचा ऊस तोडणीला आलेला असतो आणि टोळी मिळत नसते. एकाला काहीच काम नसतं, आणि तोच सगळ्यांत घाईत असतो. नरहर कुरुंदकरांचं आडनाव ज्या गावावरून पडलं ते हे गाव. गुरुजी जन्मले नांदापूरला आणि गाजले नांदेडला राहून. पण मुद्दा एकदा हाती लागला की तड लागेपर्यंत सोडायचा नाही, ही रीत इथं पारावर अजून टिकून आहे. पारावर मुद्दा मात्र कोणताही चालतो. गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या गाडीच्या हीटच्या काट्याचा होता.

स्पीडोमीटरच्या शेजारी हा काटा बसतो. डावं टोक थंड, उजवं टोक गरम, एवढीच त्याची भाषा. तर हा काटा एके दिवशी डावीकडं जो आडवा झाला तो उठेना. बाहेर बेचाळीस अंश, डांबर चपलेला चिकटतंय, इंजिनावर हात ठेववत नाही, आणि काटा शांतपणे सांगतोय की पाणी गार आहे. मला हे काळजीचं वाटलं. गावाला शुभलक्षण वाटलं.

“सर, गाडी थंड चालूलाली की. अजून काय पाहिजे तुम्हाला?”

मी म्हटलं, काटा बंद पडलाय. तर उत्तर आलं, “बंद पडला तर पडू द्या. उजवीकडं तर नाही ना पडला?”

या युक्तिवादाला उत्तर देणं अवघड आहे. वर जाणारा काटा म्हणजे खर्च आणि खाली पडलेला काटा म्हणजे बचत, असा हिशोब माणसाच्या मनात पक्का बसलेला असतो. काही वर्षांपूर्वी गाड्यांच्या वायरिंगसाठी बारा गावं फिरलेल्या एका वायरमननं मला सांगितलं होतं, की काटा वर गेला म्हणून लोक रात्री बाराला फोन करतात, पण काटा हलतच नाही म्हणून त्याला आजवर कुणी हाक मारलेली नाही. नव्या गाड्यांच्या कंपन्यांनी हा स्वभाव नीट ओळखला आहे. बऱ्याच गाड्यांत पाणी पंचाहत्तरच्या आसपास पोचलं की काटा मधोमध येतो आणि पुढं शंभराच्या वरपर्यंत तिथंच खिळवून ठेवलेला असतो. मधल्या चढउतारांची गिऱ्हाइकाला बातमीच द्यायची नाही, म्हणजे तक्रारही येत नाही. पुतण्याच्या नव्या गाडीत तर काटाच नाही. सकाळी निळा दिवा लागतो, थोड्या वेळानं विझतो. तांबडा कधी लागतो ते त्यानं अजून पाहिलेलं नाही, आणि देव करो, न पाहो.

आमच्या पद्मिनीच्या काळात असली मखलाशी नव्हती. ती १०८९ सीसीची, कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या, मग इटलीच्या फियाटशी सोयरीक झाली. १९६४ मध्ये आलेली ११०० डिलाइट पुढं प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. नाव बदललं तरी लोक फियाटच म्हणत राहिले. सन २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून तो अध्याय संपला. त्या दिवशी मुंबईच्या वर्तमानपत्रांनी गळा काढला. आमच्याकडं कुणी काढला नाही, कारण आमच्याकडं टॅक्सी म्हणजे कमांडर जीप, आणि तिच्यात किती माणसं बसतात हे मोजायचा काटा अजून निघालेला नाही.

माझ्या गाडीचं वय मोठं अडचणीचं आहे. पन्नास वर्षं पुरी केलेल्या गाडीला सरकारनं २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणून मान दिला. नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणीची फी वीस हजार. माझी गाडी ऐंशीच्या दशकातली. म्हणजे मान मिळायला अजून अवकाश आहे आणि पंधरा वर्षांची अट मात्र कधीच ओलांडलेली, त्यामुळं दर पाच वर्षांनी हिंगोलीला नेऊन ती चालती-बोलती आहे हे दाखवून आणायचं. नोकरी संपलेली, पण ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड हाती यायचंय, अशा माणसांना हे दुःख समजेल.

असो. काट्याकडं वळू.

काट्याला स्वतःला काही कळत नसतं. बातमी आणणारा दुसराच असतो, आणि तो बसतो इंजिनाच्या डोक्याशी, थर्मोस्टॅटच्या जवळ, पाण्यात नाक बुडवून. पुस्तकात त्याला सेंडर म्हणतात. आमच्याकडं मिस्त्री सेन्सर म्हणतात, दुकानदार हीट बल्ब म्हणतो, आणि तरी दोघं एकमेकांना बरोबर समजतात. पितळेचा, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. वर सहाकोनी डोकं, त्यावर वायरीची जीभ, खाली आटे आणि आट्यांच्या खाली पोकळ नळी. त्या नळीत मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांची भाजून केलेली एक चकती असते. साधी तार तापली की विजेला जास्त अडवते. ही चकती उलट्या काळजाची आहे, तापली की वाट मोकळी करते. व्हीडीओ या जर्मन कंपनीचा एक सेंडर बाजारात फार चालतो. त्याचे आकडे पाहा: पाणी ४० अंश असताना अडथळा सुमारे २८७ ओहम, ८० ला ६९, १०० ला साडेअडतीस, १२० ला तेवीसच्याही आत. अडथळा घटला की वीज जास्त जाते, वीज जास्त गेली की काटा उजवीकडं सरकतो. सगळी विद्या एवढीच.

म्हणून काटा झोपला की पहिली परीक्षा फुकटात होते. किल्ली फिरवायची, सेंडरवरची वायर उपसायची आणि तिचं टोक क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवायचं. काटा सरसर उजवीकडं गेला तर मीटर आणि वायर दोन्ही शाबूत, गुन्हेगार सेंडर. नाही गेला तर सेंडर बिचारा निर्दोष. क्षणभरच टेकवायचं, काटा टोकाला भिडून मीटर जळेपर्यंत नाही. आणखी एक खूण: हीटचा आणि पेट्रोलचा असे दोन्ही काटे एकदम चढायला किंवा एकदम पडायला लागले, तर सेंडर बदलू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरांना नेमका दाब पुरवणारी छोटी डबी डॅशबोर्डच्या मागं असते; भांडण तिच्याशी करायचं.

माझी वायर टेकवली तेव्हा काटा उजवीकडं उडाला. मंडळींनी श्वास रोखला. एकजण म्हणाला, “आता झाली ना गरम? उगा छेडलं.”

यानंतर उपायांची फेरी झाली. एका मिस्त्र्यानं सुचवलं, “मीटर शोचं असतंय सर, काढून टाका, तिथं घड्याळ बसवू.” दुसऱ्याचा इलाज अधिक खोल होता: थर्मोस्टॅट काढून फेकायचा. हा इलाज आपल्या देशात इतका रूढ आहे, की थर्मोस्टॅट शाबूत असलेली जुनी गाडी सापडली तर मिस्त्री तिला संशयानं पाहतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक दार. पाणी ऐंशी-ब्याऐंशीला येईपर्यंत ते बंद राहतं, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापावर येतं. मग दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडं जातं. मे महिन्यात ते उघडंच असतं, त्यामुळं काढल्यानं उन्हाळ्यात काही मिळत नाही. हिवाळ्यात मात्र इंजिन धड तापतच नाही, ऑइल घट्ट राहतं, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडर झिजतात. पण काटा डावीकडं राहतो! मालक खूश, मिस्त्री खूश, पेट्रोल पंपवाला तर फारच खूश. दाराला अक्कल असते पण तोंड नसतं, म्हणून ते आधी जातं.

गाडीचा ताप बघायची हौस फार जुनी आहे. सुरुवातीच्या गाड्यांना मीटरच नव्हता. वाफ दिसली की थांबायचं. मग अमेरिकेत हॅरिसन बॉयस यांचा मोटोमीटर आला. रेडिएटरच्या झाकणावर उभा केलेला गोल थर्मामीटर, ड्रायव्हरनं काचेतून पुढं बघून वाचायचा. रात्री दिसला नाही तर नशीब. नंतर डॅशबोर्डावर काटा आला तो विजेचा नव्हता. इंजिनातल्या बल्बमध्ये ईथर, तिथून मीटरपर्यंत केसासारखी बारीक तांब्याची नळी. ईथर तापलं की दाब वाढायचा आणि मीटरमधली वाकडी नळी सरळ व्हायला बघायची, तिच्याबरोबर काटा हलायचा. ही वाकडी नळी फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँची, १८४९ सालची. जुन्या विलीज जीपला असलाच मीटर असे. तो फार प्रामाणिक, बॅटरी उतरली तरी खरं सांगणारा; पण नळी कुणी वायर समजून कापली की संपला. आणि आपल्याकडं वायर समजून काहीही कापलं जातं.

नवा सेंडर आणायला नांदेड गाठलं. पुण्याला असतो तर नाना पेठेत गेलो असतो, मुंबईला असतो तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. गाडीच्या माहेरापासून चार पावलांवर तिचे अवयव मिळतात. नांदेडला काउंटरवरच्या माणसानं विचारलं, “मेसी का महिंद्रा?” मी म्हटलं, फियाट. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं; मग आत हाक मारली, “चाचा, फियाट आई देखो!” चाचा आतून आले. सत्तरीचे, चष्मा कपाळावर, हात ग्रीसनं काळे. त्यांनी माझ्या हातातला जुना सेंडर घेतला, नखानं आटे खरवडले आणि म्हणाले, “नमुना लाये, अच्छा किये. लोगां खाली हात आते, बोलते पीतल का दो.”

मग त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काउंटरवर पालथा केला. पन्नासेक पितळी तुकडे, एकालाही नाव नाही. त्या ढिगातून आपला निवडणं हे खरं काम, आणि इथं उगाच घाई करू नये. बहुतेकांची नजर पहिल्यांदा आट्यांवर जाते, आणि तिथंच फसगत होते. दहा मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर अंतराचे सरळ आटे आणि एक अष्टमांश इंची निमुळते पाइपाचे आटे हे दिसायला सख्खे भाऊ आहेत. एकाच्या जागी दुसरा दीड-दोन फेरे गोडीत जातो, मग अडतो. माणसाला वाटतं, नवा आहे, घट्ट असणारच. तो पाना लावून जोर करतो आणि हेडमधले आटे कायमचे उतरवून ठेवतो. नियम सोपा आहे: तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी गेला नाही, तर तो आपला नाही.

दुसरी फसगत स्विचची. तांबड्या दिव्याचा स्विच आणि काट्याचा सेंडर बाहेरून जुळे दिसतात. स्विचला फक्त हो किंवा नाही एवढंच येतं. ठरलेल्या तापापर्यंत गप्प, पुढं एकदम बोंब. काट्याच्या जागी स्विच लावला, तर काटा महिनोन्‌महिने डावीकडं निवांत झोपतो आणि एखाद्या दिवशी थेट उजव्या भिंतीवर जाऊन आदळतो. गावाला असा काटा फार आवडला असता.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल दुकानात कुणी विचारत नाही: आकडे. सेंडर आणि मीटर यांचं लग्न कारखान्यात लागलेलं असतं. एकाच्या ओहमची भाषा दुसऱ्याला समजली पाहिजे. अमेरिकन मीटरचा सेंडर जर्मन मीटरला लावला तरी काटा हलतो, छान हलतो, पण नव्वद अंशांना सत्तर दाखवतो किंवा सत्तरला एकशे दहा. ट्रॅक्टरचा सेंडर माझ्या गाडीत ‘बसतोय’ असं काउंटरवरच्या माणसानं तीनदा सांगितलं. बसत होताच. चाचांनी तो हातानं बाजूला सारला. “बैठेगा. बोलेगा नक्को.”

मी आटे जुळणारे दोन घेतले. एक ‘कंपनीचा’ म्हणून, एक ‘लोकल’. पावती दोन्हींची एकाच अक्षरात होती.

घरी आल्यावर त्यांची तोंडी परीक्षा स्वयंपाकघरात घेतली. पातेल्यात पाणी, दूध डेअरीतल्या ओळखीच्याकडून आणलेला काचेचा थर्मामीटर, मल्टिमीटर, आणि सेंडर तारेनं पाण्यात लोंबकळत ठेवलेले, बुडाला न टेकतील असे. कारण बुड पाण्यापेक्षा तापलेलं असतं. “अहो, ते पातेलं दुधाचं आहे,” असं आतून ऐकू आलं, पण तोवर विज्ञान पुढं गेलं होतं. चाळीसपासून दर दहा अंशांना आकडा वहीत मांडला. नांदेड ते हिंगोली हा टापू समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे ते साडेचारशे मीटर उंच, त्यामुळं पाणी इथं शंभराला पोचायच्या सव्वा-दीड अंश आधीच उकळतं. थर्मामीटरला त्याबद्दल दोष देऊ नये. ‘कंपनीचा’ आणि ‘लोकल’ दोघांचेही आकडे शिस्तीत उतरले, फक्त वेगवेगळ्या शिस्तीत. जुन्या मीटरशी लोकलची भाषा जास्त जुळली. हे दुकानदाराला सांगू नका.

जुना सेंडरही त्याच पाण्यात सोडला होता. गार पाण्यात आणि खळखळत्या पाण्यात तो एकच आकडा धरून बसला. त्याच्या नळीवर चुन्यासारखा पांढरा थर होता, नखानं निघत नव्हता, चाकूनं खरवडला तर कपच्या उडाल्या. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतल्याचा हा प्रसाद. आमच्याकडच्या पाण्यात क्षार इतके, की ते तांब्यावर दिसतात, सोलरच्या नळ्यांत दिसतात, मग इंजिनानं काय पाप केलं? असा थर बसला की सेंडर आधी सुस्त होतो, मग बहिरा. नवा लावताना रेडिएटरही धुऊन घ्यावा आणि कूलंट किंवा निदान बॅटरीचं पाणी घालावं. सेंडर स्वस्त आहे, हेड नाही.

जुना काढून नवा बसवायचं काम अर्ध्या तासाचं. इंजिन पूर्ण गार पाहिजे. आटे जाम असतात, म्हणून आदल्या रात्री मुळाशी डिझेलचे थेंब सोडावेत. उघड्या पान्याऐवजी रिंग पाना किंवा गोटी लावावी. पितळ मऊ असतं, कोन गोल झाले की पुढचा दिवस छिन्नीचा. नवा हाताशी तयार ठेवला आणि भोकावर अंगठा दाबला, तर कपभर पाणीच काय ते सांडतं. इथं पारावर टेफ्लॉन टेपचा वाद पेटला. सेंडरची विजेची परतीची वाट त्याच्या अंगातून, आट्यांमधून इंजिनात जाते. नळकाम केल्यासारखी टेप गुंडाळली तर ती वाट तुटू शकते आणि नवाकोरा सेंडर बसवूनही काटा झोपलेलाच राहतो. निमुळते आटे स्वतःच पाणी धरतात, सरळ आट्यांना तांब्याचं वॉशर लागतं. हे सांगितल्यावर नळ फिटिंगचं काम करणारा एकजण दुखावला, पण टेप त्यानं खिशात परत ठेवली.

गाडी सुरू केली. काटा हलला, चढला, आणि मध्याच्या जरा उजवीकडं जाऊन उभा राहिला.

सन्नाटा. मग निकाल: “सर, पहिल्यापेक्षा बिघडली.”

मला त्या वेळी आमच्या भागातल्या दुसऱ्या एका काट्याची आठवण झाली. वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या गावांत जमिनीतून आवाज येतात, भांडी हलतात. पांगरा शिंदेकडची माणसं रात्री अंगणात येऊन उभी राहतात आणि सकाळी बातमी येते की यंत्रावर नोंद नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला ४.५ चा धक्का बसला तेव्हा मात्र नोंद झाली, आणि गावानं यंत्राला ‘आता तुला कळलं’ अशा नजरेनं पाहिलं. म्हणजे जमीन हलते तेव्हा आम्ही काट्यावर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या पायावर ठेवतो; आणि गाडीत बसलो की बोटाला चटका बसत असतानाही मेलेल्या काट्यावर ठेवतो. हळदीच्या बाबतीत तरी आम्ही शहाणे आहोत. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवाराशिवारात हळद शिजवायचे कुकर लागतात, त्यावर दाबाचा काटा असतो, पण काटा म्हणाला म्हणून वसमतच्या शेतकऱ्यानं हळद उतरवली असं होत नाही. तो एक कंद काढतो, काडी टोचतो, बोटांत दाबतो. काडी अलगद गेली तर शिजली. दोन साक्षीदार जुळले की काम होतं.

मलाही दुसरा साक्षीदार हवा होता. करोनात कपाळावर धरायचं पिस्तूल घराघरांत आलं होतं, ते एकानं धावत जाऊन आणलं. ते इंजिनावर धरलं तर त्यानं नुसताच ‘एचआय’ दाखवलं. माणसाच्या तापापुरतं बनवलेलं ते, बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं त्याची शाळा सुटते. शेवटी एका वेल्डरकडचं कारखानी पिस्तूल मिळालं. सेंडरच्या बुडाशी धरलं: ऐंशी आणि थोडं वर. थर्मोस्टॅट उघडतो तिथंच. म्हणजे काटा मध्याच्या उजवीकडं असला तरी इंजिन ठणठणीत होतं. ही फक्त या जोडीची बोलण्याची ढब.

मग टोकाई गडाच्या चढाला गाडी घातली, दुपारच्या उन्हात, दुसऱ्या गिअरमध्ये. काटा थोडा चढला, उतारावर पुन्हा आपल्या जागी आला. त्या जागेवर मीटरच्या काचेवर घरातली एक टिकली चिकटवून ठेवली. आता कुणीही गाडी नेली तरी सांगणं एकच असतं: काटा टिकलीवर असला तर खुशाल चालवा, तो कारखान्यानं काढलेल्या मध्यरेषेवर आहे का ते बघू नका.

टिकलीच्या उजवीकडं काटा हळूहळू जाऊ लागला तर वेळ असतो. फॅन बेल्ट बघा, रेडिएटरच्या जाळीत उसाचं पाचट अडकलंय का बघा. भीती दुसऱ्या दिशेची आहे, आणि ती आमच्या पारावर अजून कुणाला पटलेली नाही. होज फुटला, पाणी निघून गेलं, की सेंडरचं नाक कोरडं पडतं. त्याला पाण्याचा ताप कळतो, पोकळीतल्या हवेचा धड कळत नाही. मग इंजिन आत भाजत असताना काटा आधी चढतो आणि मग झपकन डावीकडं येतो. गाडी ‘थंड’ होते. पुढच्या पाच-दहा किलोमीटरांत हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं, आणि मालक शपथेवर सांगतो की काटा तर खालीच होता. तो खोटं बोलत नसतो.

तेव्हा तुमच्याकडं जुनी गाडी असेल, तर जुना सेंडर फेकू नका, नमुन्याला ठेवा. नवा आणाल तो एकदा पातेल्यात उकळून बघा, दुधाच्या नव्हे. थर्मोस्टॅट काढा म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि चढावर काटा अचानक डावीकडं पडला, तर लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र सगळं गार होईपर्यंत उघडू नका, भोवती जमलेले कितीही म्हणाले तरी.